सहा सुतांचं खेळघर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

लागणारं साहित्य: दोन ते सहा वर्षांचं एक मूल, एक भिंत, प्लायची दोन शीटं, फेविकॉल, एक मिस्त्री आणि शेजाऱ्यांशी निदान कामापुरते बरे संबंध. मूल घरात आधीपासून आहे असं गृहीत धरलं आहे. भिंतीबद्दल मुंबईच्या उपनगरांत असं काही गृहीत धरता येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

जागा ठरवणे

परदेशी व्हिडिओंत पहिली सूचना अशी असते की, प्लेरूमच्या सर्वांत लांब भिंतीसमोर उभे राहा. नवशिक्यांनी इथे व्हिडिओ बंद करू नये. खेळखोली आपल्याकडेही असते, फक्त ती बिल्डरच्या माहितीपत्रकात असते. तिचं नाव 'किड्स रूम', छताला ढग रंगवलेले, आणि कापडी तंबूत बसून एक सोनेरी केसांची मुलगी पुस्तक वाचते आहे. त्या चित्रावरून मापं घेऊ नयेत.

2016 च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरिया म्हणजे नेमकं काय ते ठरवून दिलं, हे फार बरं झालं. त्याआधी 'सुपर बिल्ट-अप'च्या हिशेबात जिना, लिफ्ट आणि वॉचमनची केबिन यांतला आपला वाटा आपण बेडरूम समजून विकत घ्यायचो. तरी फर्निचर करणाऱ्यानं एक बारकावा ध्यानात ठेवावा: या व्याख्येत फ्लॅटच्या आतल्या भिंतींनी व्यापलेली जागाही कार्पेटमध्येच धरलेली आहे. म्हणजे करारनाम्यातले काही चौरस फूट विटांच्या आत आहेत. तिथे कप्पा काढता येत नाही.

प्रत्यक्षात जागा तीनच उरतात. हॉलमध्ये सोफ्याच्या बाजूला. बेडरूममध्ये पलंग आणि वॉर्डरोब यांच्यामधली गल्ली, जिच्यातून मोठ्या माणसाला अंग चोरूनच जाता येतं. आणि काचा लावून बंद केलेली बाल्कनी. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पुष्कळशी खेळघरं या बाल्कनीतच नांदतात, कारण तिथे उजेड चांगला असतो आणि हॉलमध्ये आलेल्या पाहुण्यांना ती दिसत नाहीत. पण खिडकीखाली बुटकं कपाट ठेवू नये. आपल्या लेखी ते कपाट असतं, मुलाच्या लेखी ती खिडकीपर्यंत जाणारी पहिली पायरी. बाहेर ग्रिल असलं तरी ठेवू नये. या मार्गदर्शिकेत गंभीर सूचना मोजक्याच आहेत, त्यांतली ही एक. आणि व्हिडिओंत कपाट नेमकं खिडकीखालीच दाखवलेलं असतं, कारण तिथे फोटो छान येतो.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कपाटाला चार इंचांचे पीव्हीसीचे पाय लावून घ्यावेत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यापुढे चार इंच म्हणजे काहीच नाही हे खरं. पण बाई रोज फरशी पुसतात ते पाणी चार इंचांनी चुकतं, आणि प्लाय बहुधा त्याच पाण्यानं जातो. पुरानं गेलेल्या फर्निचरची निदान आठवण तरी निघते.

जागा ठरली की तिला 'प्लेरूम' म्हणायला सुरुवात करा. सासूबाई तिला 'इस्त्रीच्या कपड्यांची जागा' म्हणत राहतील. दोन्ही नावं काही वर्षं सुखानं नांदतात.

मापं घेणे

आता टेप घ्या. टेपवर एका बाजूला सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला इंच असतात. यांपैकी कुठलीही बाजू मिस्त्री वापरत नाही. मिस्त्री सूत वापरतो. एका इंचाचे आठ सूत. पाऊण इंच जाडीचा प्लाय म्हणजे 'छे सूत'; दुकानदार त्यालाच 19 एमएम म्हणतो. अर्ध्या इंचाचा तो चार सूत, दुकानात 12 एमएम. व्हिडिओ सेंटिमीटरमध्ये बोलतो, ब्रोकर स्क्वेअर फुटात आणि आजोबा वितीत. नवशिक्यानं सुतात बोलायला शिकावं. 'दो सूत कम करो' हे एवढं एक वाक्य ठामपणे म्हणता आलं तरी मिस्त्री तुमच्याकडे मान वळवून बघतो. कशातून कमी करायचे ते त्यालाच ठरवू द्या.

भिंतीचं माप तीन ठिकाणी घ्या: जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि वर. तीन मापं तीन येतील. घाबरून जाऊ नका, इमारत पडत नाही. प्लास्टर कुठे जाड बसतं, कुठे पातळ. तिन्हींतलं सर्वांत लहान माप धरा आणि त्यातूनही चार सूत सोडा. कोपऱ्यात गुण्या लावून बघायची हौस असेल तर जरूर बघा, पण कोपरा काटकोनात नाही हे कळल्यानंतर करण्यासारखं काही नसतं.

नवशिके इथे नेहमी स्कर्टिंग विसरतात. फरशीच्या कडेनं भिंतीला लावलेली ती चार इंची पट्टी भिंतीपेक्षा तीन-चार सूत पुढे असते. सरळ पाठीचं कपाट लावलं की ते स्कर्टिंगला टेकतं आणि वर भिंतीपासून सुटं राहतं. या फटीत पहिल्या आठवड्यात खडू जातो, दुसऱ्या आठवड्यात कंगवा, आणि महिन्याभरात टीव्हीचा रिमोट. उपाय सोपा आहे: कपाटाच्या बाजूच्या फळ्यांना खालच्या मागच्या कोपऱ्यात स्कर्टिंगच्या मापाची खाच मारायला सांगा. हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा. नंतर सांगितलंत तर मिस्त्री खाच कपाटाला न मारता स्कर्टिंगलाच मारायला निघेल.

खोलीत घुसलेला आरसीसीचा कॉलम आणि नेमका मधोमध बसवलेला स्विचबोर्ड यांचीही मापं टिपून ठेवा. त्यांचं काही करता येत नाही.

उरलं मुलाचं माप. तीन वर्षांचं मूल साधारण तीन फुटांच्या थोडं वर असतं. पाच वर्षांचं साडेतीनच्या आसपास. सर्वांत वरचा कप्पा त्याच्या खांद्यावर जाऊ नये. म्हणून एकूण उंची अडीच फूट धरा. खोलीचा, म्हणजे कप्प्याच्या खोलीचा, हिशेब मात्र मूल ठरवत नाही, प्लाय ठरवतो. शीट येतं आठ बाय चार. चार फूट म्हणजे 48 इंच. त्याच्या तीन समान पट्ट्या पाडायच्या तर करवतीच्या पात्याची जाडी दोनदा वजा होते आणि पट्टी बसते पंधरा इंच सात सुतांची. सोळा इंच खोल कपाटाचं चित्र कागदावर काढलंत तर तिसरी पट्टी अपुरी पडते आणि उरलेल्या तुकड्याचा पाट करून घ्यावा लागतो.

थोडं तत्त्वज्ञान (घाई असेल त्यांनी गाळावं)

बुटकं, उघडं, मुलाच्या हाताला लागणारं फर्निचर ही कल्पना मारिया माँटेसोरी यांची. त्यांनी 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं आणि टेबल-खुर्च्या, कप्पे सगळं मुलांच्या मापाचं करून घेतलं. 1939 मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. पण माँटेसोरींची साधनं महाग होती, घोटून-पॉलिश केलेल्या लाकडाची. तीच पद्धत आपल्याकडच्या मुलांना परवडेल अशी करायची हे काम ताराबाई मोडकांनी केलं. दादरला त्यांचा शिशुविहार होता. 1945 मध्ये त्यांनी डहाणूच्या पुढे बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. लाकडी मण्यांऐवजी बिया, ठोकळ्यांऐवजी शंख-शिंपले आणि गारगोट्या, आणि मुलं शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊन भरवायची.

म्हणजे ताराबाईंना खेळणी ठेवायला मिस्त्री बोलवावा लागला नाही. खेळ संपला की शिंपले टोपलीत. आज अंधेरीतल्या एखाद्या महागड्या नर्सरीत ही विचारसरणी आयात केलेल्या बर्चच्या फळ्यांवर मांडलेली दिसते, आणि खाली विनिलच्या फरशीवर गारगोट्या असतात, तिथे त्यांना 'लूज पार्ट्स' म्हणतात. असो. आपण प्लायकडे वळू.

प्लाय आणणे

घाटकोपर, भांडुप, मुलुंड, एलबीएस मार्गानं कुठेही जा, प्लाय आणि सनमायकाची दुकानं सापडतील. पश्चिमेकडच्यांना ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे. तिथे तयार कपाटं मिळतात आणि 'सागवान' हा शब्द फार सढळ हातानं वापरला जातो.

दुकानात गेल्यावर दोन नंबर लक्षात ठेवा. आयएस 303 हा साध्या प्लायचा, आयएस 710 मरीनचा. 303 मध्ये जो 'एमआर' मिळतो, ज्याला सगळे कमर्शियल म्हणतात, तो दमट हवा सोसतो, पाणी सोसत नाही. 710 चा तुकडा चाचणीत 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात, तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. तुमचं कपाट कुणी तीन दिवस उकळणार नाही हे दुकानदारालाही माहीत असतं, पण घरात तीन वर्षांचं मूल आहे म्हटल्यावर तो तुम्हाला 710 च विकतो आणि तो बरोबर असतो. शीटाच्या कडेवर शिक्का आहे का ते बघा. शिक्का नसेल तर दुकानदार 'सेम क्वालिटी, सिर्फ मार्का नहीं है' म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, दुसऱ्या दुकानात जा.

19 एमएमचं एक शीट तीस-पस्तीस किलोंचं असतं आणि ते लिफ्टमध्ये मावत नाही. हे वाक्य खरेदीच्या आधी वाचावं म्हणून इथे दिलं आहे. हमाल मजल्यागणिक पैसे घेतो. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी या टप्प्यावर, खेळणी सोफ्याखाली सारून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीचा एकदा शांतपणे विचार करावा.

ज्यांना हे काहीच नको असेल त्यांच्यासाठी घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये 2022 पासून आयकिया आहे. तिथे कपाट चपट्या खोक्यात घरी येतं आणि सोबत शब्द नसलेली चित्रपुस्तिका असते. शनिवारी दुपारी नवरा-बायको मिळून ते जोडतात. संध्याकाळपर्यंत कपाट उभं राहतं आणि दोघं एकमेकांशी फक्त मुलामार्फत बोलत असतात.

मिस्त्रीशी बोलणे

मिस्त्री येतो तो बहुधा राजस्थानचा किंवा उत्तर प्रदेशचा, आणि हातानं अत्यंत तरबेज. त्याच्या कामाची तक्रार नसते. अडचण एवढीच असते की त्यानं आजवर वॉर्डरोब, किचन ट्रॉल्या, देवघरं आणि टीव्ही युनिटं केलेली असतात, आणि तुमचं अडीच फूट उंच, चार फूट रुंद चित्र पाहिल्यावर तो मान डोलावून विचारतो, "साब, टीवी किधर आएगा?"

टीव्ही येणार नाही असं सांगा. मुलाची खेळणी येणार आहेत असं सांगा. तो "अच्छा, बच्चे का टीवी युनिट" म्हणेल. इथे थांबावं, यापलीकडे भाषांतर होत नाही.

मग तो शटर किती आणि लॉक कुठलं हे विचारेल. शटर नको, कप्पे उघडे हवेत, म्हणजे मुलाला दिसेल आणि स्वतःच काढता-ठेवता येईल, हे तुम्ही पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हणा. नेमक्या याच क्षणी आतल्या खोलीतून सासूबाई येतात. "उघडं कपाट? आणि धूळ कोण पुसणार?" हा प्रश्न बिनतोड आहे. समोरच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू आहे, त्यामागच्याही प्लॉटवर चालू आहे, आणि तुमच्या सोसायटीचे कागद गेलेले आहेत. संध्याकाळपर्यंत तीन शटरं ठरतात. तडजोड म्हणून मधला कप्पा उघडा राहतो. त्या कप्प्यात पुढे वायफायचा राउटर बसतो.

काही गोष्टींवर मात्र अजिबात तडजोड करू नका, मग मिस्त्री कितीही 'कुछ नहीं होता' म्हणो. समोरच्या सगळ्या कडांना आणि कोपऱ्यांना गोलाई मारून घ्या. दोन वर्षांच्या मुलाचं कपाळ आणि अडीच फुटांची कड साधारण एकाच उंचीवर असतात. पेटाऱ्यासारखं झाकणाचं खोकं करणार असाल तर झाकणाला ते कुठेही थांबेल असा सपोर्ट लावा, नुसती बिजागरी नको. झाकण आणि कड यांच्यात बोटभर फट ठेवा आणि मागच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडा. लपाछपी खेळताना मूल त्यात शिरणारच आहे. कडी, कोयंडा, लॅच यांतलं काहीही त्या खोक्याला लावू नका.

चिकटवणे आणि रंगवणे

फेविकॉलबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही. 1959 पासून बाजारात आहे आणि तो करणाऱ्या पिडिलाइटचं मुख्यालय अंधेरीतच आहे, त्यामुळे अंधेरीकरांनी तो वापरताना थोडा स्थानिक अभिमान बाळगायला हरकत नाही. सनमायका बसवल्यावर त्यावर वजन ठेवून रात्रभर तसाच राहू द्यावा लागतो. वजन म्हणून घरातली सर्वांत जड वस्तू घ्या. ती बहुधा कुणीही न उघडलेली विश्वकोशाची रास असते.

रंग लावणार असाल तर डबा वाचा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. मूल कपाटाची कड चावून बघतं. आपण कितीही चांगल्या घरातले असलो तरी बघतं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा बिननावाचा ऑइल पेंट म्हणूनच नको. आणि काम झाल्यावर आठवडाभर त्या खोलीत मुलाला झोपवू नका, खिडक्या उघड्या ठेवा. वास गेल्यासारखा वाटतो तो आपलं नाक सरावतं म्हणून.

भिंतीला अडकवणे

हा भाग विनोदी करता येण्यासारखा नाही. 2016 मध्ये अमेरिकेत आयकियानं 2 कोटी 90 लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली, कारण भिंतीला न अडकवलेली अशी कपाटं अंगावर पडून मुलं दगावली होती. मूल खालचा खण ओढतं, त्यावर पाय देतं, वरचा ओढतं. तोल पुढे जातो. आपलं प्लायचं कपाट जड आहे म्हणून पडणार नाही हा समज चुकीचा आहे. जड कपाट पडतंच, शिवाय जड असतं. मागच्या बाजूला लोखंडी एल-पट्ट्या लावून स्क्रूनं भिंतीत कसा.

भिंतीत भोक पाडायला हॅमर ड्रिल लागतो, आणि इथे सोसायटी मध्ये येते. दुपारी दोन ते चार आवाज बंद, रविवारी अजिबात नाही, आणि इतर वेळी खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका घरी नसतील तेव्हा. काका घरी नसतात अशी वेळ अजून कुणाला सापडलेली नाही. आधी जाऊन त्यांना सांगून या: "काका, फक्त चार भोकं आहेत. नातवासारख्या पोरासाठी कपाट करतोय." काका विरघळतात, 'गिट्टी चांगली वापर' म्हणून सल्ला देतात आणि बरोबर वर येऊन उभे राहतात. काकांचं म्हणणं खरं आहे. जुन्या इमारतीच्या विटांच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी टिकते. नव्या टॉवरमधल्या सिपोरेक्सच्या सच्छिद्र, हलक्या भिंतीत साधी गिट्टी गोल फिरते आणि स्क्रूसकट हातात येते, तिथे त्या ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मागा. स्विचबोर्डच्या थेट वर किंवा थेट खाली ड्रिल मारू नका. आतली वायर बहुधा उभ्या रेषेत जाते, आणि चुकलंत तर सगळ्या विंगला कळतं.

वर्गवारी

कपाट उभं राहिलं. आता प्लास्टिकचे डबे आणा, प्रत्येकावर चिकटपट्टी लावा: गाड्या, ठोकळे, प्राणी, भातुकली, चित्रकला. मूल वाचू शकत नसेल तर शब्दांऐवजी चित्रं. हे काम मूल झोपल्यावर करा. ते जागं असताना केलंत तर सकाळी चित्रं चिकटवलेली आढळतील, पण फ्रिजवर.

पहिल्याच दिवशी काही शास्त्रीय प्रश्न उभे राहतात. सावंतवाडीहून आणलेली लाकडी फळं कुठे? तुमच्या मते भातुकलीत. मुलाच्या मते आंबा हा चेंडू आहे, केळं हा फोन आहे आणि सीताफळ हे ग्रेनेड आहे. तीन पायांचा घोडा प्राण्यांत ठेवायचा की दवाखान्यात? आणि ज्यांचं काहीच करता येत नाही अशा वस्तू: कुठल्याही कुलपाला न लागणारी किल्ली, औषधाच्या बाटलीचं झाकण, आजोबांच्या चष्म्याचं घर, लग्नपत्रिकेवरचा गणपती. मुलाला यांतली प्रत्येक वस्तू कुठे आहे ते अंधारातही माहीत असतं. ती वर्गवारी आपल्यापेक्षा पक्की आहे, फक्त तिला कप्पे नाहीत. म्हणून एक डबा 'इतर' नावाचा ठेवा, आणि तो बाकीच्या सगळ्या डब्यांच्या मिळून मापाचा ठेवा.

'मुलाला सोयीचं' आणि 'नीटनेटकं' हे दोन शब्द व्हिडिओत नेहमी जोडीनं येतात. प्रत्यक्षात त्यांचं पटत नाही. मुलाला जे स्वतः ठेवता येतं ते त्याला आधी स्वतः काढता येतं, आणि काढण्यात रस जास्त आहे. पंधरा इंच सात सुतांच्या कप्प्यात हात घालून सगळं एका झटक्यात पुढे ओढायला किती कमी वेळ लागतो, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. पसारा कमी करायचा असेल तर कपाट वाढवून उपयोग नाही, बाहेर असलेली खेळणी कमी करावी लागतात. एक तृतीयांश खाली ठेवा, बाकी गोणीत भरून माळ्यावर टाका, आणि महिन्यानं अदलाबदल करा. माळ्यावरून उतरलेली जुनी मोटार नव्यासारखी खेळली जाते. या युक्तीला प्लाय, मिस्त्री, फेविकॉल काहीच लागत नाही. ती मार्गदर्शिकेच्या सुरुवातीला दिली असती तर पुढचं कुणी वाचलं नसतं.

देखभाल

मुंबईतला सपाट पृष्ठभाग रिकामा राहत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर पहिल्या आठवड्यात इस्त्री येते, मग चार्जर, मग कुरिअरची न उघडलेली पाकिटं. पावसाळ्यात एका कप्प्यात छत्र्या आणि रेनकोट. श्रावणात सजावटीच्या माळा, थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याचं मखर, आणि ते विसर्जनानंतरही 'पुढच्या वर्षी होईल' म्हणून तिथेच. दिवाळीत चकलीचा डबा, कारण हा एकच कप्पा मुलाच्या डोळ्यांसमोर असूनही मुलाला तिथे चकली असेल असं वाटत नाही. (वाटतं.) मुलानं यातलं काही हलवलं तर त्याला 'तुझ्या पसाऱ्यात हात घालू नकोस' असं सांगता येत नाही, ही एक अडचण आहे.

मूल सहा वर्षांचं झालं की अभ्यासाचं टेबल येतं आणि खेळघर आधी पॅसेजमध्ये सरकतं, मग दाराबाहेर चपलांसाठी. तिथे ते काही महिने सुखात राहतं. मग सेक्रेटरींचं पत्र येतं: सामाईक मार्ग मोकळा ठेवावा, फायर ब्रिगेडची तपासणी आहे. पत्राला उत्तर देऊ नका. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका, 'चांगल्या स्थितीतलं मरीन प्लायचं कपाट, फुकट, स्वतः घेऊन जावे.' पाच मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं टेप घेऊन वर येईल. त्यांना बाळ आहे असं तुम्ही धरून चालाल, आणि कडांची गोलाई, भिंतीच्या पट्ट्या, शिसं नसलेला रंग सगळं समजावून सांगाल. ते ऐकून घेतील आणि विचारतील, "यावर बेचाळीस इंची टीव्ही राहील ना?" राहील. मागच्या फळीत वायरसाठी भोक आहे. मिस्त्रीनं ते तेव्हाच पाडून ठेवलं होतं.